बायबलमधली तळी, टाकी आणि विहिरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बायबल अभ्यासवर्गात शिकवायला लागल्यापासून पाण्याविषयीचे प्रश्न माझ्याकडे सतत येत आले आहेत. काही उपदेशाची तयारी करणाऱ्यांचे, काही यरुशलेमला जाऊन आलेल्यांचे, तर बरेचसे मुलांचे. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येऊ लागले, तेव्हा उत्तरं एका ठिकाणी लिहून काढली. उत्तरं एकमेकांत गुंतलेली असल्यामुळे प्रश्नांना क्रमांक दिले आहेत.

१. त्या देशात यर्देन नदी होती, गालीलचं सरोवर होतं. मग एवढी तळी आणि टाकी खोदायची गरजच काय होती?

नकाशा बघताना आपण उंची विसरतो. यरुशलेम समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचावर आहे, तर गालीलचं सरोवर समुद्रसपाटीच्या २०० मीटरहून अधिक खाली आणि मृत समुद्र ४०० मीटरहून अधिक खाली. यर्देन या दोहोंमधल्या खोल दरीतून वाहते. डोंगरावरच्या गावाला ती दिसली तरी तिचं पाणी वर कसं आणणार?

दुसरं कारण पाऊस. तो साधारण ऑक्टोबरमध्ये सुरू होतो, हिवाळ्यात पडतो आणि एप्रिल-मेपर्यंत संपतो. यरुशलेमला वर्षाला सुमारे ५५० मिलिमीटर पाऊस होतो, म्हणजे अगदीच कमी नव्हे. पण उन्हाळ्याचे चार-पाच महिने एक थेंबही पडत नाही, आणि पडलेलं पाणी चुनखडीच्या भेगांतून खाली निघून जातं. अनुवाद ११:१०-११ मध्ये हाच फरक सांगितला आहे: मिसरात माणूस पाटाने पाणी देत असे, आणि हा देश मात्र आकाशातल्या पावसाचं पाणी पितो. हिवाळ्यात पडलेलं बारा महिने पुरवायचं, हा त्या लोकांचा रोजचा विचार होता. बायबलमधली पाण्याची बहुतेक वचनं मला हे लक्षात घेतल्यावरच उलगडली.

२. विहीर, झरा, खड्डा, टाकं, तळं असे शब्द येतात. मूळ हिब्रूत हे वेगळे आहेत का?

हो, आणि हा फरक एकदा नीट समजून घेण्यासारखा आहे. ‘आयिन’ किंवा ‘मायान’ म्हणजे जमिनीतून आपोआप वाहणारा झरा. ‘बएर’ म्हणजे भूजलापर्यंत खणलेली विहीर. बैर-शेबाच्या नावात तोच शब्द आहे. ‘बोर’ म्हणजे खडकात खोदलेलं टाकं. त्याला स्वतःचं पाणी नसतं, त्यात पावसाचं साठवायचं. आणि ‘बरेखा’ म्हणजे उघडं तळं किंवा बांधीव हौद.

गोंधळ होतो तो ‘बोर’मुळे. रिकामं टाकं कैद्याला कोंडायला सोयीचं, म्हणून हाच शब्द अंधारकोठडीसाठी आणि कवितेत कबरेसाठीही येतो. त्यामुळे भाषांतरात तो कुठे खड्डा होतो, कुठे विहीर, कुठे गर्ता. योसेफाला भावांनी ढकललं ते ‘बोर’मध्ये. उत्पत्ती ३७:२४ मुद्दाम सांगतं की तो रिकामा होता, त्यात पाणी नव्हतं. टाक्यात पाणी असायला हवं हे वाचकाला ठाऊक होतं, म्हणूनच ते सांगावं लागलं.

मराठी वाचकाला ‘बोर’साठी सर्वांत जवळचा शब्द ‘टाकं’. सह्याद्रीतल्या किल्ल्यांवर कातळात खोदलेली टाकी ज्यांनी पाहिली आहेत त्यांना वेगळं समजवावं लागत नाही. कान्हेरीच्या लेण्यांतल्या शिलालेखांत अशा टाक्याला ‘पोढी’ म्हटलं आहे, आणि त्यांतले काही लेख नव्या कराराच्या काळाला जवळचे आहेत. फरक दगडात आहे. आपला कातळ काळा आणि टणक. तिकडची चुनखडी खोदायला सोपी, पण पाणी धरून ठेवायला अवघड.

३. टाकं कसं बनवत असत?

तोंड अरुंद आणि पोट मोठं, साधारण बाटलीच्या किंवा घंटेच्या आकाराचं. तोंड लहान ठेवलं की ऊन आत जात नाही, पाण्याची वाफ कमी होते, शेवाळ धरत नाही, आणि झाकायला एक दगड पुरतो. छपरावरचं, अंगणातलं पाणी पन्हळीने आत सोडत. कित्येक टाक्यांच्या वाटेवर एक लहान खळगा असे. गाळ तिथे बसायचा आणि वरचं पाणी पुढे जायचं. आतून चुन्याचा गिलावा. मऊ खडूसारख्या दगडातली टाकी गिलाव्याशिवायही बऱ्यापैकी पाणी धरतात. भेगाळ चुनखडीत मात्र गिलाव्यावाचून भागत नाही. पुढे रोमन काळापर्यंत या गिलाव्यात राख आणि भांड्यांच्या खापऱ्यांची पूड मिसळू लागले.

जुन्या टाक्यांच्या काठावर दोर घासून पडलेल्या खोल खाचा दिसतात. किती पिढ्या पाणी शेंदलं असेल याचा तेवढा पुरावा पुरतो.

झाकण हा कायद्याचाही विषय होता. निर्गम २१:३३-३४ प्रमाणे कोणी टाकं उघडं ठेवलं आणि त्यात बैल किंवा गाढव पडून मेलं, तर मालकाने भरपाई द्यायची.

४. यिर्मया संदेष्टा ‘फुटक्या टाक्यां’बद्दल बोलतो (२:१३). त्यात एवढं वाईट काय? पुन्हा गिलावा केला की झालं.

हा प्रश्न मुलांच्या वर्गात आला होता, आणि मला तो फार आवडला. उत्तर वेळेत दडलेलं आहे. टाक्याला तडा गेला हे पावसाळ्यात कळत नाही, कारण तेव्हा रोज नवं पाणी येत असतं. कळतं ते उन्हाळ्यात, दोर नेहमीपेक्षा लांब सोडावा लागतो तेव्हा. आणि तेव्हा दुरुस्ती करूनही उपयोग नसतो, कारण भरायला पाऊस नसतो.

यिर्मया दोन चुका सांगतो. जिवंत पाण्याचा झरा सोडला ही पहिली. कष्ट करून स्वतःची टाकी खोदली आणि ती पाणीच धरत नाहीत ही दुसरी. दारात वाहता झरा असताना कोणी महिनोन्महिने खडक फोडत बसेल का? ऐकणाऱ्यांच्या हाताला ते घट्टे ठाऊक होते, त्यामुळे हा दृष्टान्त त्यांना वर्मी लागला असणार.

पुढे त्यालाच एका टाक्यात सोडण्यात आलं (३८:६). तिथे पाणी नव्हतं, चिखल होता, आणि तो चिखलात रुतला. वर्षानुवर्षं साचलेला तो गाळ. एबद-मलेख या कूशी अधिकाऱ्याने त्याला वर काढताना जुनेरं आणि चिंध्या खाली सोडल्या आणि दोराखाली काखेत धरायला सांगितल्या. अरुंद तोंडातून माणूस ओढताना दोर काचतो हे त्याला कळत होतं. संपूर्ण अध्यायात मला सर्वांत जवळचा वाटणारा तपशील हा आहे.

५. प्रत्येक घरात टाकं असायचं का?

सर्वत्र नाही, पण आदर्श तोच मानला जाई. अश्शूरी सेनापतीने यरुशलेमच्या लोकांना आमिष दाखवलं ते असं: शरण या, म्हणजे प्रत्येक जण आपला द्राक्षवेल, आपलं अंजीर खाईल आणि आपल्या टाक्यातलं पाणी पिईल (२ राजे १८:३१). नीतिसूत्रे ५:१५ मध्ये पत्नीशी एकनिष्ठ राहण्यासाठी हीच उपमा आहे.

याला बायबलबाहेरचाही पुरावा आहे. मवाबचा राजा मेशा याचा शिलालेख १८६८ मध्ये सापडला. तो आता पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. त्यात मेशा सांगतो की गावात टाकं नव्हतं, म्हणून मी लोकांना सांगितलं, ‘प्रत्येकाने आपल्या घरात एक टाकं खोदा.’ इ. स. पूर्व नवव्या शतकातला हा हुकूम. हा तोच मेशा, जो २ राजे ३ मध्ये भेटतो.

राजेही स्वतः टाकी खोदत. उज्जीया राजाने पुष्कळ टाकी खोदली, कारण त्याची गुरंढोरं फार होती (२ इतिहास २६:१०). २०१२ मध्ये यरुशलेमच्या मंदिर-टेकडीच्या पायथ्याशी पहिल्या मंदिराच्या काळातलं सुमारे २५० घनमीटरचं एक मोठं टाकं सापडलं. यावरून शहर फक्त एका झऱ्यावर अवलंबून नव्हतं हे दिसतं.

६. तो झरा म्हणजे गीहोन ना? त्याचं विशेष काय?

जुन्या यरुशलेमचा एकमेव बारमाही झरा तो. शहर तिथे वसलं त्याचं कारणच गीहोन. नावाचा अर्थ उसळणारा. चुनखडीतल्या पोकळ्या भरल्या की पाणी जोरात यायचं, रिकाम्या झाल्या की ओसरायचं. तो किद्रोन खोऱ्याच्या उतारावर, शहराच्या पायथ्याशी होता. पाणी खाली आणि तट वर, अशी ही अडचण. झऱ्याभोवतीचे प्रचंड दगडांचे बुरूज दाविदाच्या कितीतरी आधी कनानी लोकांनीच उभारले असं बरेच अभ्यासक मानतात, पण त्यांच्या काळाबद्दल वाद आहे. शलमोनाचा अभिषेक इथेच झाला (१ राजे १:३८-३९).

७. यहूदाचा राजा हिज्कीया याने गीहोनपासून बोगदा का खोदला?

अश्शूरचा राजा सन्हेरीब येत होता म्हणून. इ. स. पूर्व ७०१ मध्ये अश्शूरी सैन्याने यहूदावर स्वारी केली. २ इतिहास ३२:३-४ सांगतं की शहराबाहेरचे झरे बुजवायचं ठरलं, कारण ‘अश्शूरच्या राजांना एवढं पाणी का मिळावं?’ त्याच अध्यायात ३० व्या वचनात आहे की हिज्कीयाने गीहोनचा वरचा प्रवाह बंद करून पाणी दावीदपुराच्या पश्चिमेला खाली नेलं. २ राजे २०:२० मध्येही तळं आणि नळाची नोंद आहे.

बोगदा ५३३ मीटर लांब आहे. झऱ्यापासून तळ्यापर्यंत सरळ अंतर जेमतेम ३२० मीटर, पण बोगदा वळणं घेत जातो. एवढ्या लांबीत एकूण उतार सुमारे ३० सेंटिमीटर! पाणी आजही त्यातून वाहतं.

यशयाला मात्र या कामाचं कौतुक नव्हतं. २२:११ मध्ये तो म्हणतो, तुम्ही दोन तटांमध्ये हौद केला, पण हे ज्याने घडवलं त्याच्याकडे पाहिलं नाही. एकच काम इतिहासाच्या पुस्तकात राजाचा मान आणि यशयाकडे इशारा, हे दोन्ही शेजारी ठेवून वाचावं.

८. दोन्ही टोकांनी खोदत आलेले लोक मधे भेटले कसे? होकायंत्र नव्हतं, नकाशा नव्हता.

हे त्यांनीच लिहून ठेवलं आहे. १८८० मध्ये बोगद्याच्या दक्षिण टोकाजवळ पाण्यात खेळणाऱ्या एका मुलाला भिंतीवर अक्षरं दिसली. प्राचीन हिब्रू लिपीतल्या सहा ओळींचा तो लेख आता इस्तंबूलच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. मजकूर असा: तीन हात खोदायचे उरले असताना एका माणसाने दुसऱ्याला मारलेली हाक ऐकू आली. मग खोदणारे समोरासमोर आले, टिकावाला टिकाव भिडला, आणि पाणी उगमापासून तळ्यापर्यंत १२०० हात वाहू लागलं. डोक्यावर शंभर हात खडक होता, असंही त्यात आहे.

दिशा कशी धरली यावर मतं वेगवेगळी आहेत. काहींच्या मते खडकातल्या नैसर्गिक भेगेतून झिरपणाऱ्या पाण्यामागे ते गेले, म्हणून वळणं आहेत. काही म्हणतात, वर जमिनीवरून ठोके मारून खालच्यांना दिशा दिली जाई. भेटीच्या जागेजवळ अर्धवट सोडलेले चुकीचे फाटे दिसतात, तेव्हा शेवटच्या टप्प्यात आवाजाच्या मागे जाणं झालं यात शंका नाही. मला तो लेख वाचताना नेहमी वाटतं, लिहिणाऱ्याला राजापेक्षा ती हाक महत्त्वाची वाटली.

९. त्या लेखात हिज्कीयाचं नावच नाही. मग बोगदा त्याचाच कशावरून?

खरं आहे, राजाचं नाव नाही. काहींनी बोगदा बराच नंतरचा असावा असंही मांडलं. २००३ मध्ये बोगद्याच्या मूळ गिलाव्यातल्या वनस्पतींच्या अवशेषांची कार्बन-१४ पद्धतीने आणि छतावरच्या लवणस्तंभाची युरेनियम-थोरियम पद्धतीने तपासणी झाली. दोन्हींतून काळ इ. स. पूर्व ७०० च्या आसपासचा निघाला. लिपीचं वळणही त्याच काळाचं आहे. माझ्या मते एवढं पुरेसं आहे.

१०. यरुशलेम जिंकताना दाविदाचे लोक पाण्याच्या भुयारातून वर चढले (२ शमुवेल ५:८). ते भुयार हेच का?

हा बोगदा नाही, तो दाविदानंतर सुमारे तीनशे वर्षांनी झाला. पूर्वी असं मानत की चार्ल्स वॉरन या ब्रिटिश संशोधकाला १८६७ मध्ये सापडलेलं उभं विवर म्हणजे तो मार्ग. पुढच्या खोदकामात दिसलं की ते विवर नैसर्गिक आहे आणि कनानी काळात पाणी काढायला ते वापरात नव्हतं. लोक दुसऱ्या वाटेने झऱ्याजवळच्या खोदीव तळ्यापाशी जात. शिवाय त्या वचनातल्या ‘सिन्नोर’ या शब्दाचा अर्थच निश्चित नाही: कोणी नळ म्हणतं, कोणी पन्हळ, कोणी आकडा. उपदेशात वॉरनच्या विवराची गोष्ट ठामपणे सांगू नये, असं मी सुचवेन.

११. आम्ही शिलोहाचं तळं पाहिलं, ते अगदी लहान आणि अरुंद होतं. येशूने बरा केलेला आंधळा माणूस तिथेच धुवायला गेला का?

तुम्ही बहुधा बोगद्याच्या तोंडाशी असलेला हौद पाहिलात. तो बायझंटाइन काळातला, त्याच्या शेजारी पाचव्या शतकात चर्च बांधलं गेलं होतं. येशूच्या काळातलं तळं तिथून थोडं खाली आहे. २००४ मध्ये सांडपाण्याची वाहिनी दुरुस्त करताना दगडी पायऱ्या लागल्या, आणि पुरातत्त्वज्ञ रोनी राइख व एली शुक्रोन यांनी खोदकाम केलं. पाच-पाच पायऱ्यांचे टप्पे, मधे रुंद कठडे. एक बाजू सुमारे ७० मीटर लांब. पाणी वर-खाली झालं तरी उभं राहायला जागा मिळावी अशी ही रचना. योहान ९:७ मधला माणूस इथे आला असणार. ‘शिलोह’ म्हणजे पाठवलेला, हा अर्थ योहान स्वतः देतो. पाणी गीहोनमधून पाठवलेलं, आणि माणूसही.

मंडपांच्या सणात याजक याच तळ्यातून सोन्याच्या भांड्यात पाणी नेऊन मंदिरात वेदीवर ओतत. त्या सणाच्या शेवटच्या दिवशी येशू उभा राहून म्हणाला की कोणाला तहान असेल तर त्याने माझ्याकडे यावं (योहान ७:३७).

अलीकडची एक भर: तळ्याजवळच्या एका मोठ्या बांधाचा काळ २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात इ. स. पूर्व ८०० च्या आसपासचा ठरला. म्हणजे हिज्कीयाच्या शंभर वर्षं आधीच इथे पाणी अडवलं जात होतं.

१२. बेथेस्दाला पाच पडव्या होत्या म्हणतात. तळ्याला तर चारच बाजू असतात!

म्हणूनच कित्येक वर्षं काही विद्वान हा आकडा प्रतीकात्मक मानत. यरुशलेमच्या जुन्या शहरात सेंट ॲन चर्चच्या आवारात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून खोदकाम झालं आणि एक नव्हे, दोन तळी निघाली, मधे रुंद बांध. चार बाजूंना चार आणि बांधावर पाचवी. योहान ५:२ लिहिणाऱ्याला जागा ठाऊक होती.

१३. देवदूत येऊन बेथेस्दाचं पाणी हलवायचा, हे वचन माझ्या बायबलमध्ये कंसात किंवा तळटिपेत आहे. का?

योहान ५:३ चा शेवट आणि ५:४ सर्वांत जुन्या हस्तलिखितांत नाहीत. सातव्या वचनात आजारी माणूस ‘पाणी हलतं तेव्हा’ असं म्हणतो. वाचकाला ते कळावं म्हणून पुढे कोणीतरी खुलासा जोडला असावा. पाणी खरोखर हलायचं का? वरच्या तळ्यातून खालच्या तळ्यात पाणी सोडण्याची सोय होती, तेव्हा मधूनमधून खळबळ होणं शक्य आहे. ३८ वर्षं वाट पाहणाऱ्या माणसाच्या गोष्टीला त्याने बाधा येत नाही.

१४. मिकवे म्हणजे काय? ही तळी मिकवे होती का?

मिकवे म्हणजे विधीपूर्वक शुद्धीसाठी पूर्ण बुडी मारायचं कुंड. आधार लेवीय ११:३६ चा: झरा किंवा पाणी साठवलेलं टाकं शुद्ध राहतं. नंतरच्या यहूदी नियमांनुसार त्यात किमान ४० सआ (एक जुनं माप) पाणी हवं आणि ते घागरीने ओतलेलं नको. पावसाचं किंवा झऱ्याचं, आपोआप आलेलं हवं. इ. स. पूर्व दुसऱ्या शतकापासून अशी कुंडं यहूदियात दिसू लागतात आणि आजवर शेकडो सापडली आहेत, मृत समुद्राकाठच्या कुमरानलाही. पायऱ्या संपूर्ण रुंदीच्या असतात, कधी मधे लहानसा कठडा, म्हणजे अशुद्ध एका बाजूने उतरतील आणि शुद्ध दुसऱ्या बाजूने वर येतील.

शिलोह आणि बेथेस्दा यांच्या पायऱ्या पाहून बरेच अभ्यासक ती सार्वजनिक शुद्धीसाठी होती असं मानतात. सणाला येणाऱ्या हजारोंना कुठेतरी उतरावं लागणारच. पण पाणी भरायलाही ती वापरत असतील. एकच उपयोग ठरवण्याची गरज नाही.

१५. पेंटेकॉस्टच्या दिवशी तीन हजारांचा बाप्तिस्मा झाला (प्रेषितांची कृत्ये २:४१). डोंगरावरच्या शहरात एवढं पाणी कुठून आलं?

वचनात जागा दिलेली नाही. पण मंदिराच्या दक्षिण पायऱ्यांजवळ अनेक मिकवे सापडली आहेत आणि शिलोह तिथून उतारावर आहे (प्रश्न ११ आणि १४). पाणी नव्हतं हा आक्षेप टिकत नाही. बाप्तिस्मा बुडवून की शिंपडून, हा वाद मात्र टाक्यांच्या मोजमापाने सुटणार नाही.

१६. गिबोनच्या तळ्याकाठी शौलाच्या घराण्याचा सेनापती अबनेर आणि दाविदाचा सेनापती यवाब यांची माणसं बसली होती. ते तळं सापडलं आहे का?

२ शमुवेल २:१२-१७. दोन्ही बाजूंची बारा-बारा तरुण माणसं उठली, एकमेकांची डोकी धरली, कुशीत तलवारी खुपसल्या आणि एकत्र पडली. मला हा बायबलमधला सर्वांत उदास प्रसंगांपैकी एक वाटतो.

यरुशलेमच्या वायव्येला अल-जिब गावात जेम्स प्रिचर्ड यांनी १९५६ पासून खोदकाम केलं. जारच्या मुठींवर ‘गिबोन’ अशी अक्षरं मिळाली, त्यामुळे गावाची ओळख पक्की झाली. आणि कातळात कोरलेलं एक प्रचंड गोल विवर निघालं: व्यास सुमारे ११.८ मीटर, खोली १०.८ मीटर. भिंतीला लागून वळत उतरणारा जिना, पुढे तो कातळात आणखी खाली जातो. एकूण ७९ पायऱ्या, आणि तळाशी भूजलाची खोली, वरपासून २४ मीटरहून अधिक खाली. सुमारे ३,००० टन चुनखडी बाहेर काढली असावी.

एक मेख आहे. हे विवर पाण्याने काठोकाठ भरलेलं तळं होतं की पाण्यापर्यंत पोचायचा जिना, यावर मतभेद आहेत. तळाच्या खोलीपर्यंत पायऱ्या कोरल्या याचा अर्थ निदान नंतरच्या काळात तरी तो जिनाच होता. यिर्मया ४१:१२ मधला ‘गिबोनातला मोठा जलाशय’ हाच असू शकेल. खात्रीने जोडायची ती जागा म्हणजे गाव, नेमका काठ नव्हे.

१७. हेब्रोन आणि शोमरोनच्या तळ्यांचं काय?

हेब्रोनच्या तळ्याकाठी दाविदाने शौलाचा मुलगा ईश-बोशेथ याच्या मारेकऱ्यांना टांगलं (२ शमुवेल ४:१२). शोमरोनच्या तळ्यावर अहाब राजाचा रक्ताने माखलेला रथ धुतला गेला (१ राजे २२:३८). तळं म्हणजे गावाची सार्वजनिक जागा: शिक्षा तिथे दिसायची, बातमी तिथे पसरायची.

१८. बेथलेहेमजवळची ‘शलमोनाची तळी’ खरंच शलमोनाची आहेत का?

नाव उपदेशक २:६ वरून पडलं: ‘मी स्वतःसाठी तळी केली.’ पण बांधकाम शलमोनाच्या कितीतरी नंतरचं, हस्मोनी राजघराण्याच्या आणि हेरोद राजाच्या काळातलं मानलं जातं. उतारावर एकाखाली एक अशी तीन तळी, सर्वांत मोठं पावणेदोनशे मीटरच्या आसपास लांब. तिन्ही मिळून अडीच लाख घनमीटरहून अधिक पाणी मावतं.

तिथून यरुशलेमला पाट गेले. खालचा पाट सुमारे २१ किलोमीटर लांब. डोंगराच्या कडेकडेने वळसे घेत, पूर्ण अंतरात सुमारे ३० मीटर उतार राखत तो मंदिरापर्यंत येई. पहिल्या शतकातला यहूदी इतिहासकार योसेफस लिहितो की रोमन सुभेदार पंतय पिलाताने पाटासाठी मंदिराच्या पवित्र निधीतला पैसा वापरला, लोक खवळले, आणि त्याने साध्या वेशातल्या सैनिकांना सोटे देऊन गर्दीत घुसवलं. शहराला पाणी हवंच होतं, पण त्या पैशाला हात लावणं लोकांना सहन झालं नाही.

१९. शलमोनाच्या ‘ओतीव सागरा’त २,००० बथ पाणी मावे (१ राजे ७:२६) की ३,००० (२ इतिहास ४:५)?

आधी हे सांगतो की तो जलाशय नव्हे, मंदिराच्या अंगणातलं पितळेचं कुंड होतं, याजकांच्या धुण्यासाठी (२ इतिहास ४:६). व्यास दहा हात, उंची पाच हात, म्हणजे साधारण साडेचार आणि सव्वादोन मीटर. सरळ भिंतींचं मानलं तरी सुमारे ३६,००० लिटर मावेल. बथ साधारण २२ लिटरचा धरला तर २,००० बथ म्हणजे ४४,००० लिटर. लहान आकडाही जास्तच भरतो. बथचं माप काळानुसार बदललं असावं किंवा नकलेत आकडा बदलला असावा. दोन्ही आकडे ओढूनताणून जुळवण्यापेक्षा मापं पूर्णांकात दिली आहेत हे मान्य करणं मला बरं वाटतं. परीघ तीस हात, व्यास दहा, हेही तसंच.

२०. मृत समुद्राजवळचा मसादा किल्ला वाळवंटात आहे. तिथे वेढ्यात लोक टिकले कसे?

पावसाच्या पुरावर. हेरोदाच्या कारागिरांनी जवळच्या दोन ओढ्यांना बांध घालून वर्षातून थोडाच वेळ येणारा लोंढा कड्यातल्या बारा मोठ्या टाक्यांत वळवला. एकूण साठा सुमारे ४०,००० घनमीटर. तिथून माणसं आणि जनावरं पाणी माथ्यावर नेत. वाळवंटात पाऊस कमी, पण पडतो तो झिरपत नाही, धावतो. म्हणून हे साधलं.

२१. ‘जिवंत पाणी’ म्हणजे नक्की काय? येशू शोमरोनी स्त्रीला विहिरीवर हे का म्हणाला?

रोजच्या भाषेत ‘जिवंत पाणी’ म्हणजे वाहतं, झऱ्याचं पाणी, टाक्यातल्या साठलेल्या पाण्याच्या उलट (प्रश्न २ आणि ४). म्हणून तिने पहिल्यांदा शब्दशः घेतलं: विहीर खोल आहे, तुझ्याजवळ पोहराही नाही, मग ते पाणी कुठून आणणार (योहान ४:११)? ती काही चुकीचं बोलत नव्हती. नाब्लुसमधली याकोबाची विहीर आजही सुमारे ४० मीटर खोल आहे, आणि एवढ्या खोलीतून रोज शेंदणाऱ्या बाईलाच वाहत्या पाण्याचं मोल कळतं. त्या विहिरीवर आता ग्रीक ऑर्थोडॉक्स चर्च आहे.

२२. हिज्कीयाच्या बोगद्यातून चालता येतं का? वयस्कर माणसांना झेपेल का?

येतं. बोगदा पूर्व यरुशलेममधल्या सिलवान वस्तीत आहे. जाण्याआधी तो खुला आहे का याची चौकशी करा. आत अंधार असतो, रुंदी खांद्याएवढी, काही ठिकाणी वाकावं लागतं. सुरुवातीला पाणी मांड्यांपर्यंत, पुढे गुडघ्याखाली. अर्धा-पाऊण तास लागतो आणि मधून परत फिरणं कठीण. ज्यांना कोंडल्यासारखं होतं किंवा गुडघे दुखतात त्यांनी शेजारचा कोरडा कनानी बोगदा निवडावा. विजेरी आणि पकड असलेल्या चपला घ्या.

साधारण अर्ध्या वाटेवर छताची उंची एकदम बदलते आणि भिंत जराशी मोडते. तिथे थांबून विजेरी भिंतीलगत आडवी धरा. तोपर्यंत टिकावाच्या खुणा तुमच्याच दिशेने गेलेल्या दिसतील. दोन पावलं पुढे गेलात की त्या उलट दिशेने तुमच्याकडे येऊ लागतात.